रामटेके मॅडम आणि संवर्ग दोन

रामटेके मॅडम आठवड्यातून एकदाच भांडत, आणि तेही पायी चालताना. चामोर्शीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की त्या आणि विजयाताई दोन रिकाम्या कापडी थैल्या घेऊन घराबाहेर पडत. दारात स्कूटर उभी असे, पण त्या दिवशी तिला हात लावत नसत. गल्ली संपून डांबरी रस्ता लागला की आठवडाभराचं साचलेलं सगळं बाहेर यायचं. बाजार आमच्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर. तेवढ्या वेळात ओल्या टॉवेलपासून विजयाताईंच्या भावापर्यंत सगळे विषय व्हायचे. बाजारातला पहिला कांदेवाला दिसला की भांडण बंद. वाक्य अर्धं राहिलं असलं तरी ते अर्धंच राहायचं.

मी त्यांच्या शेजारी नवीन राहायला आले होते, तेव्हा पहिल्यांदा हे ऐकलं. मीही थैली घेऊन त्यांच्या मागेच निघाले होते.

"तुही बहीण मले बोलली, तवा तू माह्यासाठी एक शब्द नाई काढला," विजयाताई म्हणत होत्या.

"थे चहा देऊन राह्यली होती ना. चहा देणाऱ्याले कसं बोलाव?"

"मंग चहा नाई प्याचा होता."

"चहा चांगला होता, विजया."

यावर विजयाताई जे काही बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला वाटलं, आज या दोघींचं तुटतं. खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली. पण परतताना पाहते तर दोघी एकाच कागदातली गरम भजी खात चालल्या होत्या आणि विजयाताई आपल्या वाट्याची मिरची काढून मॅडमला देत होत्या. मी न राहवून विचारलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "भरल्या थैलीनं भांडू नये, सुनंदा. हात गुतले राह्यते, मंग जीभच चालते. अन् टमाटे दबते थे येगळं."

मी सुनंदा बोरकुटे, जिल्हा परिषदेची शिक्षिका. रामटेके मॅडम आणि मी चामोर्शीपासून सात-आठ किलोमीटरवरच्या एकाच शाळेत होतो. सहा वर्षं मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून शाळेत गेले. उंच, काळ्यासावळ्या, ताठ पाठीच्या बाई. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात कापडी बूट. धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या त्या रस्त्यावर कधी रानडुक्कर आडवं आलं तरी त्या हॉर्न वाजवत नसत, गाडी थांबवून म्हणत, "जाऊ द्या जी त्याले. त्याचीबी शाळा असन."

त्यांचा एक शब्द सगळ्या शाळेला पाठ होता: "इचारलं का?" एखाद्या पोरानं दुसऱ्याची पेन्सिल घेतली की त्या रागावत नसत, फक्त म्हणत, "इचारलं का?" मुख्याध्यापकांनी परस्पर सुट्टीच्या दिवशी बैठक ठेवली, तेव्हा भर स्टाफरूममध्ये त्यांनाही तेच विचारलं. घरीसुद्धा तसंच. पंखा लावायचा असला तरी विचारणार, "विजया, लावू का?" मला सुरुवातीला हसू यायचं. माझ्या घरात पंखा लावायला कुणी कुणाला विचारत नसे. खरं म्हणजे कशालाच विचारत नसे.

विजयाताईंचं बाजाररस्त्यावर शिलाईचं दुकान होतं. पंधरा वर्षं एका मशीनपासून तीन मशीनपर्यंत वाढवलेलं. गावातल्या अर्ध्या बायकांची मापं त्यांच्या वहीत होती. या दोघींना गावात कुणी मावसबहिणी समजे, कुणी मैत्रिणी. ज्यांना खरं कळत होतं त्यांनाही लग्नसराईत ब्लाउज विजयाताईंकडूनच शिवून हवे असत, त्यामुळे त्या गप्प बसत.

मी त्यांना मैत्रिणी समजणाऱ्यांतली. एकदा त्यांच्या ओट्यावर चहा पिताना मी म्हटलं, "तुमी दोघी मैत्रिणी किती चांगल्या राह्यता जी."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मैत्रिणी तं तू अन् मी. विजया माही घरवाली होय. अन् मी तिची."

मला वाटलं, थट्टा आहे. मी हसले. त्या माझं हसू संपायची वाट पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "झालं हासून? आता चहा पे, थंडा होऊन राह्यला."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले, आणि तिथूनच माझं पोट दुखायला लागलं. हेवा मी आधीही केला होता. बहिणीच्या नागपूरच्या फ्लॅटचा, जावेच्या केसांचा. पण तो येऊन जाऊन असे. हा आला तो मुक्कामालाच आला. यांच्याकडे ना मंगळसूत्र, ना सासर, ना लग्नाचा अल्बम. माझ्याकडे ते सगळं साग्रसंगीत होतं. मग त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त कसं काय? मी मनातल्या मनात मोजत असे आणि दर वेळी माझाच हिशेब कमी भरत असे.

माझा नवरा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. जवळच्याच गावात ग्रामसेवक. दारू पीत नाही, हात उचलत नाही. सुपारी-तंबाखूचा खर्रा खातो, पण तो आमच्याकडे सगळेच खातात. माहेरी तक्रार घेऊन गेले असते तर आईनं मलाच वेड्यात काढलं असतं. आमचं भांडणही होत नसे. मुलगी नागपूरला शिकायला गेली आणि घरात दोन माणसं आणि एक टीव्ही उरला. दोघांपैकी टीव्हीच जास्त बोलायचा.

रविवारी सकाळी विजयाताई ओट्यावर बसून मॅडमच्या पायांची नखं काढत. मॅडमच्या कमरेत दुखणं होतं, वाकता येत नसे. शिवणकामाच्या कात्रीची सवय असलेला तो हात इतका हलका चाले, की मॅडम पेपर वाचता वाचता डुलकी घेत. मी खिडकीतून पाहत असे. माझ्या डाव्या पायाचं एक बोट लहानपणी उखळाखाली चेचलं होतं. माझ्या नवऱ्याला ते लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं, तेही डॉक्टरांनी विचारलं म्हणून. "अरे, हे कवा झालं?" असं त्यानं दवाखान्यात मला विचारलं, तेव्हा डॉक्टरही माझ्याकडे पाहायला लागले.

एकदा मी हट्टानं त्यांच्यासारखं करून पाहिलं. बाजाराच्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, आज पायी जाऊ.

"गाडी असताना पायी काऊन?"

"बोलत बोलत जाऊ."

"मंग गाडीवर बोल ना."

बसले मागे. मनात सतरा गोष्टी होत्या, त्यातली सगळ्यात लहान निवडली. "तुमी माह्या आईच्या वर्षश्राद्धाले आले नाई, याचं मले वाईट वाटलं," असं मी त्याच्या पाठीला म्हटलं. हेल्मेटमधून आवाज आला, "काय?" मी पुन्हा सांगितलं. "काय म्हणते?" तिसऱ्यांदा मी ओरडून सांगितलं, तर नेमकी गाडी गतिरोधकाशी हळू झालेली, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या चार बायकांनी ते स्वच्छ ऐकलं. नवऱ्यानं बाजारात मी न मागता मला दोन किलो वांगी घेऊन दिली. ती त्याची माफी होती की त्याला वांगी हवी होती, हे मला आजही माहीत नाही.

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "तुमाले लग्नात सगळं वाटून भेटते, सुनंदा. चूल तिची, गाडी त्याची. कोणी बोलाव, कोणी चूप राहाव, थेबी ठरलं राह्यते. आमाले कोणी काईच वाटून नाई देल्लं. भांडे कोण घासन, इथून इचारा लागलं. मंग इचाराची सवयच लागली."

"म्हणजे तुमचं चांगलं आहे," मी म्हटलं. आवाजातला आंबटपणा मलाच ऐकू आला.

"चांगलं गिंगलं काई नाई. पयल्या चार वर्षांत विजया दोनदा गेली बल्लारपूरले भावाकडं. दुसऱ्या टायमाले आठ महिने आली नाई. मी लय खराब होती तवा. कोणत्या गिऱ्हाईकासंग थे हासून बोलली तरी माहं डोस्कं फिरे." असं म्हणून त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "आताबी फिरते. पण आता बाजाराच्या दिवसापर्यंत थांबतो."

यानं माझं समाधान व्हायला हवं होतं. त्याही जळतात, त्यांचंही घर मोडता मोडता राहिलं होतं. पण माझ्या डोक्यात वेगळंच आलं: आठ महिन्यांनी परत यावंसं वाटण्यासारखं काहीतरी त्या घरात होतं. मी आठ महिने गेले असते तर नवऱ्यानं डबा लावला असता.

मग आमच्या बदल्यांचं वर्ष आलं. शिक्षकांच्या बदल्या आता कॉम्प्युटरवर होतात. आपल्याला हव्या त्या गावांची यादी भरायची आणि निकालाची वाट पाहायची. ज्यांचा नवरा किंवा बायको जवळपास सरकारी नोकरीत आहे त्यांचा एक वेगळा गट असतो, संवर्ग दोन. त्यांना आधी गाव मिळतं. बाकीच्यांना नंतर, नोकरीच्या ज्येष्ठतेप्रमाणे. मॅडमची आणि माझी दोघींचीही त्या शाळेतली मुदत भरली होती, जाणं दोघींनाही भाग होतं. चामोर्शीजवळ त्या वर्षी आम्हाला भरता येण्याजोगी एकच जागा रिकामी होती. मॅडम माझ्याहून ज्येष्ठ. मी संवर्ग दोनमध्ये भरलं तर जागा माझी, नाही भरलं तर त्यांची. इतकं सरळ होतं ते.

आणि मी भरणार नव्हते. मी कधीचं ठरवलं होतं, की या खेपेला दूरचं गाव मागायचं, खोली करून एकटीनं राहायचं. भांडण न करता, कागद न करता वेगळं होण्याची आमच्या खात्यानं दिलेली ती सोय होती. स्कूटरवर मागे बसून मी हे मॅडमना सांगितलंही. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"सुनंदा, एकटीनं राहाचं असन तं खुशाल राहा. पण पळून जाचं असन तं एकडाव त्याच्यासंग भांडून घे. न भांडता गेली तं थे घरच तुह्यासंग येते."

"माहं ठरलं आहे," मी म्हटलं. "चामोर्शीची जागा तुमी भरा."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मग गाडी पुन्हा सुरू केली.

फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी विजयाताई अंबाडीची भाजी घेऊन माझ्याकडे आल्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "मॅडम इथीच राह्यतीन आता. मी तं दुकानाच्या बाजूची खोलीबी पाहून ठेवली, ओट्याच्या पायऱ्या चढाचा तरास नाई. सब तुमच्यामुळं झालं, बाई." त्या वाकून माझ्या पाया पडायला लागल्या. मी त्यांना धरलं.

त्या गेल्यावर मी भाजीचा वाडगा हातात धरून उभी राहिले. आत टीव्ही चालू होता. माझं घर ओस पडणार म्हणून त्यांचं भरणार होतं, आणि वर त्यासाठी मला भाजी मिळाली होती. "तुमच्यामुळं" हा शब्द माझ्या छातीत रुतला. माझं मोडलं ते त्यांना खत म्हणून हवं होतं? त्यांनी तसं म्हटलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मत्सराला अक्कल शिकवून पाहा, तो शिकत नाही.

आमच्या केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांचे फॉर्म रामटेके मॅडमच भरत. कॉम्प्युटरवर बोटं चालणारी ती एकच बाई होती. केंद्रशाळेत दुपारी रांग लागली होती. माझा नंबर आला. मी शेजारच्या खुर्चीवर बसले. मॅडमनी नाव, शाळा, रुजू झाल्याची तारीख भरली. मग तो रकाना आला.

"पती-पत्नी एकत्रीकरण. भरू का?" त्यांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्यांची बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहत राहिले. मागे रांगेतल्या एका गुरुजींनी खोकून घाई केली. मॅडम पुन्हा पडद्याकडे वळल्या.

"पतीचं नाव?"

मी सांगितलं.

"हुद्दा? कार्यालय?"

सांगितलं.

"दोन्ही गावांतलं अंतर किती किलोमीटर?"

तेही सांगितलं. प्रत्येक अक्षर त्यांनी नीट भरलं, माझ्या नवऱ्याच्या नावातली वेलांटीसुद्धा एकदा तपासली. पसंतीच्या गावांत चामोर्शीजवळची शाळा पहिल्या नंबरवर टाकली. "पक्कं करू का? मंग बदलता येत नाई." मी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं, कागद काढला, सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "झालं. पुढचे कोण?"

स्वतःचा फॉर्म त्यांनी सगळ्यांचे झाल्यावर भरला. मी दारात उभी होते. त्या रकान्यात त्यांनी "लागू नाही" भरलं तेव्हा मी चपला शोधायचं सोंग केलं.

तो नेमका बाजाराचा दिवस होता. मी खिडकीच्या आड उभी राहून पाहिलं. दोघी थैल्या घेऊन निघाल्या आणि त्या दिवशी जाताना एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. परतताना मात्र भरल्या थैल्यांनी भांडत आल्या. विजयाताई रस्त्यातच उभ्या राहून रडत होत्या. "तू 'हो' भरलंच काऊन? तुह्या हातात होतं ना!" एवढं वाक्य माझ्या खिडकीपर्यंत आलं. मॅडम काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. मला वाटलं होतं, हे पाहून मला थंड वाटेल. एक क्षण वाटलंही. मग मी खिडकी लावून घेतली.

मला जागा मिळाली. मॅडमना हेमलकशाच्याही पुढची, जंगलातल्या एका पाड्यावरची शाळा मिळाली. निघायच्या दिवशी त्या माझ्या घरी आल्या, माझ्या नवऱ्याशी दोन शब्द बोलल्या आणि मला म्हणाल्या, "स्कूटर ठेवून जातो, तिकडं कामाची नाई. तुले चालवता येत असन तं घे." मी नको म्हटलं. कुठल्या तोंडानं घेणार होते?

तरी माझ्या मनात एक घाणेरडी आशा होती. आता पाहू म्हटलं, दीडशे किलोमीटरवर राहून यांचं कसं टिकतं ते. तीन महिने विजयाताई एकट्या दुकान चालवत होत्या. शनिवारी दुपारी मॅडम बसनं निघत आणि रविवारी परत जात. पावसाळ्यात नदीला पूर आला, रस्ता बंद झाला, आणि सलग तीन शनिवार त्या येऊ शकल्या नाहीत. चौथ्या शनिवारी पूर ओसरला आणि विजयाताईंनी दुकानाला कुलूप लावलं. दोन मशीन शिकाऊ मुलींना देऊन टाकल्या, तिसरी टेम्पोत घातली आणि निघून गेल्या. पंधरा वर्षांचं दुकान! मी दारात उभी राहून तो टेम्पो वळेपर्यंत पाहिला. माझ्यासाठी कुणी दुकान तर सोडाच, दुपारची झोपही सोडली नव्हती.

आणि मी? मी नवऱ्यासोबत राहिले. सरकारनं आम्हाला एकत्र केलं होतं. तो मला रोज सकाळी नव्या शाळेत सोडून पुढे जाई. गाडीवर आम्ही काही बोलत नव्हतो.

दोन वर्षांनी भामरागडला माझं एक प्रशिक्षण निघालं. शेवटच्या दिवशी दुपारीच सुट्टी झाली. मी एका शिक्षकाच्या गाडीवर मॅडमच्या गावी गेले. काय सांगायला जाते आहे ते मला ठाऊक होतं, आणि वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. शाळेला लागून मातीची दोन खोल्यांची जागा. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. आत विजयाताई मशीनवर आश्रमशाळेच्या पोरांचे गणवेश शिवत होत्या. मला पाहून त्यांनी मशीन थांबवली नाही.

मॅडम बाहेर आल्या. वाळल्या होत्या, केस पांढरे झाले होते. "सुनंदा! ये ये. काय घेशीन?" जणू मी काल भेटले होते. खाटेवर बसवलं, पाणी दिलं, इथल्या पोरांच्या गोष्टी सांगायला लागल्या. त्या गोंडी शिकत होत्या, आणि पोरं त्यांची परीक्षा घेत होती. मला ते सहन होईना.

"मॅडम," मी मध्येच म्हटलं, "मले त्याच्यासंग राहाचं नव्हतं. तरी मी हो म्हटलं. तुमाले जागा भेटू नये म्हणून."

मशीनचा आवाज थांबला.

"मले मालूम आहे," मॅडम म्हणाल्या.

"कवापासून?"

"तू वेळापत्रकाकडं पाहून राह्यली होती तवापासून."

"मंग मले इचारलं काऊन नाई? साऱ्या जगाले इचारता. मले म्हणाचं होतं, सुनंदा, काऊन अशी करते?" मी रडायलाच लागले होते. "तुमी एकडाव म्हटलं असतं तं मी नाई भरलं असतं."

त्या खाटेवर माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग हळू बोलल्या. "इचारलं ना मी. 'भरू का' म्हणलं. तू हो म्हणली. हो म्हणणाऱ्याले दुसऱ्यांदा इचारलं तं थे इचारणं नोहे, सुनंदा, थे दबाव होय. अन् माह्या फायद्याचा दबाव." त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. "अन् तुमी नवरा-बायको आहा हे तं खोटं नव्हतं. मी खोटं काई भरलं नाई. जाऊ दे आता. भांडली का त्याच्यासंग?"

"नाही."

"मंग आता तरी भांड. थो बिचारा काय समजन, तुह्या मनात काय आहे?"

मला क्षमा मिळाली होती, इतकी सहज, की ती घेऊन काय करावं ते कळेना. मी डोळे पुसून उठले. परतीची गाडी थांबली होती. मॅडम त्या शिक्षकाला पाणी द्यायला अंगणात गेल्या. मी आत डोकावून म्हटलं, "येतो, विजयाताई."

त्या मशीनवरून उठल्या. दारापर्यंत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. हातात टाक्यांचा धागा तसाच होता.

"थे तुमाले माफ करते," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तिचा सोभाव आहे. तिची कमर या रस्त्यानं गेली. रात-रात झोपत नाई, पण तुमचं नाव कधी घेत नाई. म्हणून मी घेतो. रोज घेतो. मी नाई करत माफ, बाई. मरेपर्यंत नाई करणार."

मी मान खाली घालून बाहेर पडले. गाडीवर मागे बसले. साग आणि बांबूच्या मधून रस्ता चालला होता आणि मला लाज वाटायला हवी होती. ती वाटतही होती. पण तिच्या खाली, अगदी तळाशी, तोच जुना हेवा जागा होता. माझं कुणी वाईट केलं, तर माझ्या वतीनं त्याचा असा राग धरून बसेल असं माणूस मला कधी मिळालं नाही.